मापाचं काय, गुडघा की साचा?

‘गुडघे बदलायचेत’ हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंना सांगितलं गेलं, “तुमच्या मापाचं करून घ्या, थोडे जास्त पैसे पडतील.” ‘थोडे’साठी काकू बांगड्या मोडायला निघाल्या! म्हणून हा प्रकार नीट समजून घेऊया.

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची झिजलेली टोकं ठरावीक कोनात कापून त्यावर कृत्रिम सांधा बसवतात. काप तिरका गेला, तर पायाची रेषा बिघडते. नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून, सगळ्यांना चालणाऱ्या साच्यांच्या मदतीने सर्जन तो कोन धरतात. ‘खास मापाच्या’ पद्धतीत आधी पायाचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन काढतात. त्यावरून संगणकावर हाडाची प्रतिकृती तयार होते आणि फक्त तुमच्याच हाडावर बसेल असा साचा बनवून येतो. त्याला काही आठवडे लागतात.

घोटाळा होतो तो इथेच. बहुतेक वेळा मापाचा असतो तो साचा, सांधा नव्हे! कुलूप बाजारातलंच, खाच कुठे पाडायची, तो खाका तेवढा तुमच्या दाराचा.

मग फायदा किती? दोन्ही पद्धतींची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत. खास साच्यामुळे हत्यारांचे ट्रे कमी लागतात, थोडी मिनिटं वाचतात. पण नंतरचं दुखणं, चालणं, जिना चढणं यात ठळक फरक दिसलेला नाही. मात्र जुन्या फ्रॅक्चरने मांडीचं हाड वाकडं झालं असेल किंवा आत आधीची सळई असेल, तर हाच साचा खरोखर कामाचा ठरतो.

आणखी एक. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा घातली ती सांध्याच्या. स्कॅन आणि साच्याचा खर्च वेगळा विचारायलाच हवा.

तेव्हा होकार देण्याआधी तीन प्रश्न विचारा. मापाचं नेमकं काय आहे? माझ्याच पायाला त्याची गरज का? जादा खर्च एकूण किती? असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर आनंदाने उत्तर देतात. आणि गरज नसेल, तर ते पैसे ऑपरेशननंतरच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवा. गुडघा वाकवायला शेवटी व्यायामच लागतो!