निदानापूर्वीचा दुसरा बाण

कळवण तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या हातास कंप सुटला किंवा पायांना मुंग्या येऊ लागल्या, तर उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टर प्राथमिक तपासणी करून त्यास मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे पाठवितात. त्यासाठी नाशिक गाठावे लागते; म्हणजे सुमारे ८० किलोमीटरचा प्रवास, बुडालेली मजुरी, सोबतीस एक माणूस, मग तपासण्या, अहवाल आणि पुन्हा फेरी. यात आठवडे जातात. रोग कोणता हे ठाऊक नसलेल्या या काळात मन जे भोगते, त्याचा विचार आम्ही येथे पालि वाङ्मयाच्या आधारे करू इच्छितो.

संयुत्त निकायातील सल्लसुत्त वाचकांच्या परिचयाचे आहे. शारीरिक वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेविषयीचा शोक व संताप हा दुसरा. निदानाची वाट पाहणाऱ्याची स्थिती याहूनही विचित्र असते. पहिला बाण किती खोल आहे, किंबहुना तो लागला आहे की नाही, हे कळण्यापूर्वीच दुसरा रुतून बसलेला असतो. शिवाय हा दुसरा बाण शरीरातही उमटतो. भयाने श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. रुग्णास वाटते, रोग वाढला. त्यामुळे भय वाढते आणि भयामुळे पुन्हा मुंग्या.

महावग्गात जीवक कोमारभच्चाची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीस सात वर्षे मस्तकव्याधी होती. अनेक वैद्य पुष्कळ सोने घेऊन निघून गेले. काहींनी तो पाचव्या दिवशी मरेल असे सांगितले, काहींनी सातव्या दिवशी. जीवकाने कवटीचा सांधा उघडून दोन कृमी काढल्याचे तेथे वर्णन आहे. ते आजच्या शस्त्रक्रियेच्या अहवालासारखे वाचू नये. आमचे लक्ष वेधते ते निराळेच. जीवकाने आरंभीच विचारले होते, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि उताणे सात महिने निजू शकाल काय? श्रेष्ठीने होकार दिला. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी सात दिवसांतच त्याचा धीर सुटला. तेव्हा जीवक म्हणाला की एकवीस दिवसांत बरे वाटेल हे मला आधीच ठाऊक होते, पण तसे सांगितले असते तर आपण तेवढेही निजला नसता. मरणाचा दिवस सांगणारे वैद्य आणि थांबण्याची मुदत सांगणारा वैद्य, यांतील अंतर लक्षात घ्यावे. वाट पाहण्यास सीमा असली की ती पेलते. म्हणून तज्ज्ञाच्या भेटीची तारीख, अहवाल केव्हा मिळणार, तो कोण समजावून देणार, हे आधीच विचारून लिहून ठेवावे.

दुसरा त्रास 'हे कशाचे फळ?' या प्रश्नाचा. कोणी करणी म्हणतो, कोणी पूर्वजन्मीचे पाप. मोळिय सीवकाने हेच विचारले असता भगवंतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषम आहारविहार, बाह्य आघात आणि शेवटी कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मानेच घडते असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे धावतात, असेही ते म्हणाले. आजच्या भाषेत बोलायचे तर मुंग्या वा कंप यांच्यामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, थायरॉईडचा विकार यांपैकीही काही असू शकते. भयाने ज्या रोगाचे नाव घेतले तोच असेल असे नाही.

येथे एक सावधगिरी. कायानुपस्सना म्हणजे शरीराची सतत झडती नव्हे. दिवसातून पन्नास वेळा हात पुढे धरून कंप पाहणे, रात्री मोबाईलवर लक्षणे शोधणे, घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारणे, यात पाहणे कमी आणि निवाडा अधिक. सतिपट्ठानातील भिक्षू श्वास लांब असता 'लांब आहे' एवढेच जाणतो, 'लांब का?' असे विचारीत नाही. झडतीची ओढ लागली की दहा मिनिटे ती पुढे ढकलावी, पुढे ही मुदत वाढवावी. मानसोपचारातही हीच रीत वापरतात. झोप व अन्न सुटले तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

मात्र धीर म्हणजे दिरंगाई नव्हे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचे बळ अचानक जाणे, बोलणे अडखळणे, प्रथमच झटका येणे, अकस्मात असह्य डोकेदुखी, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी काही घडल्यास तारखेची वाट न पाहता १०८ ला दूरध्वनी करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि कळवणहून त्यातील वेळ रस्त्यावरच जातो.

बाबासाहेबांनाही मधुमेह व न्यूरायटिसचा दीर्घकाळ त्रास होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लेखनकाळातील प्रकृतीचे चढउतार नोंदविले आणि आपण तगलो याचे श्रेय पत्नी व डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यास दिले. व्याधी व उपचार यांविषयी ते मोकळेपणाने लिहितात आणि काम चालूच ठेवतात.

राहता राहिला सोबती. विनयात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, किळस न बाळगणे आणि धम्मकथेने धीर देणे. नाशिकच्या फेरीस जाणाऱ्याने यांत एक भर घालावी: लक्षण केव्हा सुरू झाले, कशाने वाढते आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, याची चिठ्ठी खिशात ठेवावी. तज्ज्ञापुढे बसल्यावर घाबरलेल्या माणसास यातले निम्मे आठवत नाही.