नवघरची हवा आणि आपली फुप्फुसे

दिवाळीनंतर बाह्यरुग्ण विभागात खोकला व दम्याच्या रुग्णांची रांग वाढते, हे येथे नेहमी येणाऱ्या कुटुंबांना नव्याने सांगावयास नको. औषधाने रुग्णास उतार पडतो; परंतु घरी गेल्यावर तो पुन्हा त्याच हवेत श्वास घेतो. म्हणूनच त्या हवेविषयीची थोडी माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यापर्यंत पोहोचावी, या हेतूने प्रस्तुत लेख अहवालात समाविष्ट केला आहे.

नवघर हे एकेकाळी मिठागरे आणि भातशेती यांच्यामध्ये वसलेले गाव. 1985 साली मीरा-भाईंदर नगरपरिषद आणि 2002 साली महानगरपालिका अस्तित्वात आली, तसे गावठाण इमारतींनी वेढले गेले. खाडी जवळ असल्याने आपली हवा मोकळी आहे, असा समज मात्र कायम राहिला. पावसाळ्यात व उन्हाळ्यात तो बराचसा खराही आहे. हिवाळ्यात परिस्थिती बदलते. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारचा समुद्रवारा उशिरा व क्षीण येतो आणि पहाटे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे जणू झाकण बसते. मग धूर व धूळ वर न जाता वस्तीतच रेंगाळतात. 2022 च्या हिवाळ्यात मुंबई परिसराने हा अनुभव दीर्घकाळ घेतला.

ही धूळ येते कोठून? काशिमिरा भागातून जाणारा महामार्ग व घोडबंदर रस्ता यांवरील अवजड वाहने, फाटक व स्थानक परिसरातील कोंडी, इमारतींची पाडकामे, 2019 पासूनचे मेट्रो मार्ग 9 चे बांधकाम, हे सर्वांना दिसते. भाईंदर पूर्वेतील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांकडे तितके लक्ष जात नाही. तेथे बफिंग करताना उडणाऱ्या कणांत क्रोमियम व निकेल असते आणि ते सर्वप्रथम कामगाराच्याच श्वासात जातात. उत्तन येथील धावगी डोंगरावरील कचऱ्याला लागणाऱ्या आगींचा धूर, शिवाय गल्लीच्या कोपऱ्यावर पालापाचोळा व प्लास्टिक पेटविण्याची सवय, यांची भर निराळीच. उघड्यावर कचरा जाळल्यास पाच हजार रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते.

डोळ्यांना दिसणारी धूळ बहुधा नाकात व घशात अडते. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा. अडीच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या भागाहूनही लहान असलेले हे कण थेट वायुकोशांत उतरतात. तेथे दाह निर्माण होतो, काही अतिसूक्ष्म कण रक्तातही मिसळतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणूनच हवा बिघडली की दम्याबरोबर हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचेही प्रमाण वाढते. बाहेरील हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 साली जाहीर केले आहे.

एकाच शहरात वस्तीगणिक आजार बदलतो, हे मुंबईत फार पूर्वी दिसून आले आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांची तपासणी केली. गिरण्यांचे लालबाग आणि कारखान्यांचे चेंबूर येथे दम लागणे, खोकला व सर्दी यांचे प्रमाण खारपेक्षा अधिक आढळले. तेव्हा दूरच्या केंद्रावरील निर्देशांक पाहून आपल्या गल्लीविषयी निश्चिंत होऊ नये. शिवाय 2015 पासूनच्या राष्ट्रीय निर्देशांकात शंभरापर्यंतची हवा ‘समाधानकारक’ गणली जाते. त्या मर्यादेवर सूक्ष्म कण दर घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची चोवीस तासांची शिफारस 15 आहे. दमेकऱ्यांसाठी हा फरक किरकोळ नाही.

घरातील हवेचाही विचार व्हावा. डासांसाठी लावलेली एक कॉइल 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. बंद खोलीत लहान मुलाच्या उशाशी ती रात्रभर जळत ठेवण्यापेक्षा मच्छरदाणी शतपटीने बरी. जेसल पार्कच्या खाडीकिनारी पहाटे फिरणाऱ्या ज्येष्ठांनी हिवाळ्यात ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. नाकाला बांधलेला रुमाल सूक्ष्म कण अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-95 मुखपट्टाच हवा.

‘पंपाची सवय लागते’ ही समजूत अद्याप घरोघरी आहे आणि तिने धुराइतकेच नुकसान केले आहे. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचत असल्याने त्याची मात्रा गोळीपेक्षा पुष्कळ कमी लागते. बरे वाटले म्हणून नियमित घ्यावयाचा पंप नातेवाइकांनी परस्पर बंद करू नये. रुग्णास दम लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ वा नखे निळसर दिसत असतील, अथवा श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर वाफ देत घरी थांबू नये; दिवस असो वा रात्र, त्यास तत्काळ रुग्णालयात आणावे.