पाइपलाइनचे जोड पक्के कसे करावेत?



आपल्या बीड जिल्ह्यात पाण्याची किंमत कुणी कुणाला सांगायला नको. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण सर्वांनी पाहिलं. असं मोलाचं पाणी आज अनेक शेतकरी माजलगाव धरणाच्या फुगवट्यातून, गोदाकाठावरून किंवा दूरच्या विहिरीतून लांबवर पाइप टाकून शेतात आणतात. कुणी एकटा आणतो, कुठे चार-पाच जण मिळून आणतात. त्यासाठी कर्ज काढतात, दागिना गहाण ठेवतात.

पाइपची जात, पंपाची हॉर्सपॉवर, सगळं आपण चौकशी करून घेतो. पण जोड कोण करतो, कसा करतो, याकडे कुणी बघत नाही. पाइपलाइन फुटते ती बहुधा जोडातच. आणि ती फुटते कधी? पंप पूर्ण दाबाने चालतो तेव्हा, म्हणजे पिकाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. म्हणून हे पत्रक जोडांसाठी.

तीन पाइप, तीन जोड

पीव्हीसी पाइप सोल्व्हंटने, म्हणजे डिंकासारख्या द्रवाने चिकटवतात. एचडीपीई, म्हणजे आपला काळा पाइप, वितळवून जोडतात. त्याला सोल्व्हंट लागू पडत नाही. लोखंडी पाइप विजेच्या वेल्डिंगने जोडतात. पंपाजवळची दाबाची नळी, ओढ्यावरचा भाग, रस्त्याखालचा भाग इथे बहुधा लोखंडी पाइप असतो. एकाची पद्धत दुसऱ्याला चालणार नाही. काळा पाइप लोखंडी पाइपला जोडायचा असेल तर मध्ये फ्लँज आणि रबरी पॅकिंग घालावं.

आधी दाबाचा हिशेब

पाणी १० मीटर वर चढवायचं तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब लागतो. समजा, तुमचं शेत पाण्याच्या पातळीपेक्षा ३५ मीटर उंच आहे आणि लांबीमुळे होणारं घर्षण १५ मीटरच्या बरोबरीचं आहे. एकूण झाले ५० मीटर, म्हणजे ५ किलो. पंप एकदम बंद पडला की मागे येणारं पाणी धक्का देतं आणि दाब क्षणभर खूप वाढतो. म्हणून इथे ६ किलोचा पाइप काठावरचा ठरतो, ८ किलोचा घ्यावा. पंपाजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि लाइनच्या उंच जागी हवा काढणारा व्हॉल्व्ह बसवावा. काळ्या पाइपवर आयएस ४९८४ आणि पीव्हीसीवर आयएस ४९८५ ही खूण, तसेच दाबाचा आकडा छापलेला आहे का, ते स्वतः वाचून घ्या.

काळ्या पाइपचा जोड

याला लागणारी सामग्री अशी : दोन्ही पाइप एका रेषेत धरणारा शिकंजा, तोंडं सपाट करणारा रंदा, दोन्ही तोंडं तापवणारी हीटर प्लेट, आणि मोठ्या पाइपसाठी दाब देणारा हायड्रॉलिक पंप. शिवाय पुरेशा ताकदीचा जनरेटर आणि घड्याळ.

काम या क्रमाने व्हावं. पाइप शिकंज्यात धरून तोंडं कोरड्या, स्वच्छ फडक्याने पुसावीत. मग रंदा मारावा. दोन्ही बाजूंनी अखंड पातळ साल निघाली म्हणजे तोंड सपाट झालं. त्यानंतर तिथे हात लावू नये, कारण हाताचं तेल आणि घामसुद्धा जोड बिघडवतो. दोन्ही तोंडं समोरासमोर आणून बघावीत. पाइपच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वरखाली दिसलं तर पुन्हा बसवावं.

हीटर प्लेट साधारण २०० ते २२० अंश सेल्सिअस तापलेली हवी. तवा तापल्याशिवाय भाकरी फुगत नाही, तसंच हे आहे. सुरुवातीला थोडा दाब देऊन तोंडाभोवती वितळलेली कड उठू द्यावी, मग दाब कमी करून आतपर्यंत ताप मुरू द्यावा. नंतर प्लेट झटकन काढून काही सेकंदांत दोन्ही तोंडं एकमेकांवर आणावीत आणि ठरलेला दाब द्यावा. प्लेट काढल्यावर गप्पा मारत बसलं तर वरची साय गार होते आणि जोड फक्त दिसायला लागतो.

यानंतरची चूक सगळ्यात जास्त घडते. घाईने शिकंजा सोडतात, नाहीतर जोडावर पाणी ओततात. तसं अजिबात करू नका. पाइपची भिंत जितके मिलीमीटर जाड, निदान तितकी मिनिटं आणि शक्यतो त्याच्या दीडपट वेळ जोड शिकंज्यातच आपोआप गार होऊ द्यावा.

एका गावचा अनुभव सांगतो. तिथे मोटारीच्या लाइनवरच हीटर लावला होता. व्होल्टेज कमी, प्लेट अर्धवट तापलेली, पण अंधार पडायच्या आत काम उरकायचं होतं. जोड बाहेरून चांगले दिसत होते. चर बुजवली, वर पेरणीही झाली. पुढे पहिल्यांदा पूर्ण दाब दिला तेव्हा शेजाऱ्याच्या उभ्या पिकात तीन ठिकाणी पाणी उसळलं. पाइप उकरायचा खर्च झाला, शेजाऱ्याची भरपाई द्यावी लागली, आणि दोन भावकीतलं बोलणं बंद झालं ते वेगळंच. म्हणून जनरेटरचे पैसे वाचवू नका.

जोड कसा ओळखावा? भोवतालची कड सगळीकडे सारखी, गोल वळलेली, दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी हवी. एका बाजूला बारीक, दुसरीकडे जाड, मधे खोल भेग, किंवा आत मातीचे कण दिसले तर जोड कापून टाकावा. सकाळी काम सुरू करताना पहिला जोड चाचणीसाठी करावा. गार झाल्यावर त्याची लांब पट्टी कापून दुमडून बघावी. जोडावर उकलली तर मशीन, ताप किंवा हात, काहीतरी चुकतंय. आधी ते दुरुस्त करावं, मग पुढचं काम.

आणखी एक गोष्ट. काळा पाइप उन्हात वाढतो आणि गारव्यात आकसतो. १०० मीटर लांबीत २० अंशांचा फरक पडला तर तो फूट-सव्वा फूट आखूड होतो. मे महिन्याच्या दुपारी ताणून बसवलेला पाइप रात्री टोकाचा जोड ओढून काढतो. म्हणून चरीत तो किंचित नागमोडी टाकावा आणि शेवटचा जोड सकाळच्या गारव्यात करावा.

लोखंडी पाइपचं वेल्डिंग

इथे वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर किंवा वीज नसलेल्या रानात डिझेलवर चालणारा वेल्डिंग सेट लागतो. त्याशिवाय होल्डर, अर्थिंगचा चिमटा, ग्राइंडर, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश, काळ्या काचेचं हेल्मेट आणि चामडी हातमोजे.

पाइपच्या कडा ग्राइंडरने उतरत्या घासून घ्याव्यात. जोडताना दोन्ही मिळून व्ही आकाराची खाच दिसावी आणि तळाशी दोन-तीन मिलीमीटर फट राहावी. फट न ठेवता वरवर टाके मारले तर वितळलेलं लोखंड मुळापर्यंत जात नाही आणि पुढे तिथूनच पाणी झिरपतं. प्रत्येक थरानंतर वरची काचेसारखी खपली हातोडीने काढून, ब्रश मारूनच पुढचा थर द्यावा. वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या हव्यात. ओलसर कांडीच्या जोडात बारीक छिद्रं पडतात. वेल्डिंगच्या आचेने पाइपवरचा गंजरोधक लेप जळतो. तो जोडावर पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर पाइप टिकतो आणि जोड गंजून जातो.

जिवाची काळजी

कांडी न टेकवतासुद्धा होल्डरवर ५० ते १०० व्होल्ट असू शकतात. ओल्या चरीत, घामेजल्या अंगाने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव घ्यायला ते पुरेसे आहेत. चरीतलं पाणी काढा, कोरड्या फळीवर उभे राहा, वायर सोललेली नको. काच न लावता ठिणगीकडे बघू नका, पोराबाळांना जवळ येऊ देऊ नका. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर अंगात गेला तर रात्री थंडीताप भरतो. त्यासाठी मुलामा आधी घासून काढावा आणि वाऱ्याच्या बाजूला बसावं. जवळ उसाचं पाचट किंवा वाळलेलं गवत असेल तर आधी साफ करा, पाण्याची घागर भरून ठेवा. चर खोल असेल तर काठावर मातीचा ढीग नको, ती ढासळते.

बुजवण्याआधी चाचणी

चर निदान तीन फूट खोल हवी, म्हणजे नांगराचा फाळ लागत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाइपखाली आणि भोवती बारीक मुरूम किंवा वाळू घालावी. धारदार दगड नको. वळणाच्या जागी काँक्रीटचा ठोकळा द्यावा.

पाइपवर मधेमधे माती टाकून जोड मात्र उघडे ठेवावेत. खालच्या बाजूने हळूहळू पाणी भरावं, उंच जागची हवा काढून टाकावी. मग हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा. वरच्या उदाहरणात तो साडेसात किलो होतो. दाबाच्या घड्याळाचा काटा टिकतो का ते बघत प्रत्येक जोडावरून चालत जावं. चाचणी पाण्यानेच करावी. हवा भरून केली आणि जोड सुटला तर पाइपचा तुकडा गोळीसारखा उडतो.

जोडातून मिनिटाला एक लिटर जरी गळालं तरी आठ तासांच्या पंपात ४८० लिटर पाणी मातीत जातं.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. धरणातून किंवा नदीतून पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्या. दुसऱ्याच्या रानातून पाइप न्यायचा असेल तर आधी गोडीगुलाबीने बोलून बघा. नाहीच जमलं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. आणि वेल्डिंगवाल्याशी ठरवतानाच एक अट घाला : चाचणीत सगळे जोड टिकल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल.

जोड चालू असताना घरातलं एक जाणतं माणूस तिथे घड्याळ घेऊन उभं ठेवा. तीन-चार दिवस मोडतील, पण पुढची अनेक वर्षं पाणी बिनघोर शेतात येईल. काही अडलं तर आपल्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. राम राम.