मातीतील कर्बाची मोजदाद

ऊस तुटल्यावर पाचट जाळणारे एक शेत आणि तेच पाचट सरीत कुजविणारे शेजारचे शेत, यांच्या मातीत काही वर्षांनी कोणता फरक पडतो, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. त्यासाठी सेंद्रिय कर्ब मोजावा लागतो. आणि ही मोजदाद प्रयोगशाळेपेक्षा शेतातच बिघडण्याचा संभव अधिक असतो.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेमुळे माती परीक्षण गावोगावी परिचयाचे झाले आहे. त्यासाठी साधारण १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती घेतात. खताची मात्रा ठरविण्यास तेवढे पुरते, कर्बाच्या अभ्यासास पुरत नाही. नांगरट न केलेल्या रानात धसकटे वरच राहतात व वरचा थर कर्बाने समृद्ध दिसतो. नांगरलेल्या रानात तोच कर्ब खाली मिसळलेला असतो. केवळ वरची माती तपासल्यास पहिल्या शेताला न कमावलेले श्रेय मिळते. सबब किमान ३० सेंटिमीटरपर्यंतची माती, तीही थराथराने वेगळी घ्यावी लागते.

टक्केवारीही एकटी फसवी असते. समजा, दोन्ही शेतांत कर्ब ०.५ टक्के आहे. परंतु एका मातीची घनता दर घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम, तर ट्रॅक्टरच्या चाकांनी दबलेल्या दुसरीची १.४ ग्रॅम आहे. ३० सेंटिमीटर खोलीत हेक्टरी कर्ब अनुक्रमे १९.५ व २१ टन भरतो. हा दीड टन शेतकऱ्याने वाढविलेला नव्हे. तो केवळ माती दबल्याचा परिणाम होय. म्हणून ठरावीक आकारमानाची पोलादी नळी जमिनीत ठोकून, तीतील माती वाळवून वजन करणे अपरिहार्य ठरते.

आपल्या काळ्या जमिनीचे प्रश्न आणखी निराळे. ती ओली असता फुगते, वाळली की भेगाळते आणि वरची माती भेगांतून खोल जाते. म्हणजे घनता ऋतूप्रमाणे बदलते. शिवाय तीत चुनखडी असते. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो सेंद्रिय नव्हे. डायक्रोमेटच्या प्रचलित पद्धतीत तो मोजला जात नाही; माती जाळून मोजणाऱ्या यंत्रात मात्र तो वेगळा काढावा लागतो.

बांध, उकिरडा, झाडाची सावली व गुरे बसण्याची जागा टाळावी, हे नेहमीचेच. कर्बातील बदल संथ असल्याने काही वर्षांनी त्याच जागी, त्याच हंगामात पुन्हा नमुने घ्यावे लागतात. त्या वेळी येणारा कर्मचारी बहुधा दुसराच असतो. यास्तव गट क्रमांक, अक्षांश-रेखांश, खोली, दिनांक व मागील पीक यांची नोंद पिशवीतील चिठ्ठीबरोबरच स्वतंत्र वहीतही ठेवतात.