उंदीर कसा वाचला?

ऑक्टोबर १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड ही झोपेची गोळी बाजारात आली. ती इतकी निर्धोक मानली गेली, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदर बायकाही मळमळीवर ती घेऊ लागल्या. नोव्हेंबर १९६१मध्ये गोळी मागे घेतली, तोवर जगभरात सुमारे १०,००० बाळांना तिचा फटका बसला होता. कित्येकांचे हातपाय खुरटलेले होते. अमेरिकेत मात्र फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावे अपुरे म्हणून परवानगी अडवून धरली होती.

गोळी शरीरात कोणाला जाऊन चिकटते, हे कळायला २०१० उजाडले. जपानमध्ये हिरोशी हांडा यांच्या गटाने चुंबकीय मण्यांवर थॅलिडोमाइड बसवले, ते मणी पेशींच्या अर्कात घोळवले आणि त्यांना लागून आलेले प्रथिन ओळखले. ते होते सेरेब्लॉन. त्याचा जनुक, सीआरबीएन, आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावर असतो. सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून तो २००४मध्येच पुढे आला होता. तेव्हा या गोळीचा विषयही कोणाच्या डोक्यात नव्हता!

पेशीतले कोणते प्रथिन मोडीत काढायचे, ते हेरणाऱ्या यंत्रणेत सेरेब्लॉन काम करते. हेरलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनच्या खुणा चढतात आणि प्रोटिअझोम त्याचे तुकडे पाडतो. औषध म्हटले की ते काहीतरी बंद पाडणार, अशी आपली समजूत असते. थॅलिडोमाइडची करामत वेगळी, आणि मला तीच सर्वांत विलक्षण वाटते. ते सेरेब्लॉनच्या खाचेत बसते आणि त्याची निवडच बदलून टाकते. एरवी ज्याच्या वाटेला सेरेब्लॉन गेले नसते, असे प्रथिन मग मोडीत निघते. गर्भात असा बळी जातो सॅल-४ या प्रथिनाचा. हातापायांच्या घडणीला ते लागते.

उंदरांच्या पिल्लांचे पाय मात्र या औषधाने खुरटत नाहीत. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये ३८८व्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल असते, उंदरात तिथे आयसोल्युसीन. सॅल-४ही उंदरात किंचित निराळे. तेवढ्याने गोळीचा डाव फसतो.

याच डावाचा आज उपचारासाठी उपयोग होतो. थॅलिडोमाइडचे भावंड असलेले लेनालिडोमाइड सेरेब्लॉनकडून इकारोस आणि आयोलोस ही प्रथिने मोडून घेते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी नेमक्या त्यांच्यावरच तगून असतात. सेरेब्लॉनला मात्र रुग्ण कोण आणि गर्भ कोण, हे कळत नाही; म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या बाईची आधी चाचणी होते आणि मगच गोळ्या हाती पडतात.