मिठागरातून माशापर्यंत: खारवलेल्या मासळीतील सूक्ष्मजीव

इंद्रायणीच्या खोऱ्यातील वडिवळे धरणाची मासळी गोड्या पाण्यातली आणि ताजी खाण्याची. मावळाच्या बाजारात सुके बोंबील, जवळा आणि खारवलेला बांगडा येतो तो घाटाखालच्या कोकणातून. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने त्याआधी अगोटीसाठी, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीसाठी, जी मासळी टिकवली जाते, तिच्या दोन रीती विज्ञानाच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. जवळा उन्हात वाळला की त्यातील पाणी उडून जाते आणि सूक्ष्मजीवांची वाढ जवळजवळ थांबते. खारवलेल्या बांगड्यात मात्र मीठ सोसू न शकणारे जीवाणू मागे पडले, तरी मीठ मानवणारे जगतात; माशाच्या स्वतःच्या विकरांनी, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांनी, मांसातील प्रथिने तोडली की सुटलेल्या अमिनो आम्लांवर हे जीवाणू पोसतात आणि त्यातून खाऱ्या माशाचा ओळखीचा वास व चव घडत जाते. हेच किण्वन होय.

या जीवांची ओळख पूर्वी बशीतील पोषकद्रव्यावर ते वाढवूनच होत असे, आणि जे तेथे वाढत नाहीत ते अभ्यासकांच्या नजरेतून सुटत. आता नमुन्यातील सगळा डीएनए एकत्र काढून त्यातील १६-एस या जनुकाची अक्षरे वाचली जातात. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमशी निगडित असलेले हे सुमारे दीड हजार अक्षरांचे जनुक प्रत्येक जीवाणूत असते, पण त्याचे काही भाग कुळागणिक बदलतात. याच जनुकाच्या उत्पादनाची तुलना करून कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जीवाणूंहून वेगळा असा आर्कियांचा वंश दाखवून दिला. कोरियातील संशोधकांनी २०१० मध्ये जोत्गाल या मिठात मुरवलेल्या समुद्री खाद्याच्या सात प्रकारांवर हे तंत्र वापरले, तेव्हा वाइसेलासारख्या लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जीवाणूंबरोबर मीठप्रेमी आर्कियांचीही मोठी वस्ती आढळली.

हे आर्किया बहुधा मिठाबरोबरच येतात. उन्हाने आटवलेल्या मिठाच्या स्फटिकांत अडकलेल्या खाऱ्या थेंबांत ते जिवंत राहू शकतात, मिठागराच्या दाट पाण्याला गुलाबी छटा देतात, आणि दमट हवेत खारा मासा लालसर पडतो तोही त्यांच्याच रंगद्रव्यांमुळे. गोव्यातील मिठागरांतून असे आर्किया गोवा विद्यापीठात वेगळे केले गेले आहेत. म्हणूनच उरण-पेणकडच्या मिठागरांचा अभ्यास कोकणातील खाऱ्या मासळीच्या अभ्यासापासून तोडता येणार नाही.

क्रमवाचनाने मिळालेली नावांची यादी मोहक असली तरी ती अपुरी आहे, कारण मेलेल्या पेशींचा डीएनएही तिच्यात मोजला जातो आणि शिवाय एकाच जातीचे दोन वाण अगदी निराळे वागू शकतात. बांगडा, कुपा अशा माशांत हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते आणि काही जीवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात, ज्याने चेहरा लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे असे त्रास होतात. एकदा बनलेले हिस्टामिन शिजवून नाहीसे होत नाही. मासळी मिठात मुरवून केलेल्या मत्स्यरसात आढळणाऱ्या टेट्राजेनोकोकस हॅलोफिलस या जीवाणूच्या काही वाणांत हे घडवणारे जनुक असते, इतरांत नसते, आणि १६-एस वाचून हा फरक कळत नाही. त्यासाठी वाण जिवंत हाती असावा लागतो, त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो आणि तो माशात वाढवून पाहावा लागतो.

असे वाण जिवंत जपण्यासाठी वडिवळ्याच्याच पुणे जिल्ह्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह आहे, ज्याला २०११ मध्ये पेटंटसाठी सूक्ष्मजीव ठेवण्याच्या बुडापेस्ट कराराखाली आंतरराष्ट्रीय ठेवसंस्थेचा दर्जा मिळाला. जपलेल्या वाणांचा उपयोगही करता येतो: थायलंडमध्ये टेट्राजेनोकोकसचे निवडक वाण मत्स्यरसाला विरजणासारखे लावून पाहिले गेले आहेत. कोकणच्या बांगड्यासाठी तसे करायचे, तर विरजणही कोकणच्याच मासळीतून आणि मिठागरांतून निवडावे लागेल, आणि मुंबईभोवतालची मिठागरे एकेक करून बंद पडत असताना त्यांतील नमुने गोळा करून ठेवण्याचे काम तातडीचे आहे.