विश्लेषण : नाताळच्या चित्रपटांतला ‘हरवलेला सण’ पुणतांब्याला ओळखीचा का वाटावा?

डिसेंबर उजाडला की ओटीटीवर एकाच गोष्टीचे डझनावारी चित्रपट दिसू लागतात. घरातले कुणीतरी नाताळावर रुसलेले असते. वडील कामात बुडालेले, आई थकलेली, एखादे मूल वयाआधी शहाणे झालेले. मग काही चमत्कारिक घडते, घर पुन्हा गोळा होते आणि सण परत येतो. बर्फ, सूचिपर्णी झाडे आणि धुराड्यातून उतरणारा सांताक्लॉज हे सारे गोदाकाठच्या पुणतांब्यातून पाहताना परके वाटणे साहजिक आहे. पण या गोष्टीचे मूळ बर्फात नाही, ते उधारीच्या वहीत आहे. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावातून गेली होती. वहीतल्या आकड्यांमुळे घरातला सण कसा हरवतो, हे राहाता तालुक्यातल्या या गावाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

या चित्रपटांची गोष्ट नेमकी काय असते?

‘एल्फ’ (२००३) या चित्रपटात सांताची गाडी लोकांच्या श्रद्धेवर चालते. न्यूयॉर्कमध्ये श्रद्धा आटते आणि गाडी बागेत अडकते. माणसे एकत्र गाऊ लागतात तेव्हा ती पुन्हा उडते. ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये (२००४) घुंगराचा आवाज फक्त विश्वास ठेवणाऱ्यालाच ऐकू येतो. नेटफ्लिक्सच्या ‘द ख्रिसमस क्रॉनिकल्स’मध्ये (२०१८) वडील गमावलेली दोन भावंडे सांताची गाडी पाडतात आणि नाताळचा उत्साह उतरू लागताच शहरांत गुन्हे वाढतात. अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी तर २००९ पासून दरवर्षी नाताळचा खास हंगामच चालवते. तिचे बरेच चित्रपट कॅनडात, ऐन उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून चित्रित होतात.

या सगळ्यांत दुखणे एकच आणि औषधही एकच. सण हरवला, कारण तुमचा विश्वास उडाला. विश्वास ठेवा, सण परत येईल. मुलांसाठी ही गोष्ट गोड आहे. मात्र ती सगळा दोष घरातल्या माणसाच्या मनावर टाकते. वडील चिडचिडे का झाले, याचे उत्तर चित्रपट बहुधा ‘कामाचे वेड’ एवढ्यावरच उरकतो. त्यांच्या डोक्यावर हप्ता किती आहे, हे विचारत नाही.

सुरुवातही अशीच होती का?

नव्हती. या साऱ्या चित्रपटांची आजी म्हणावी अशी गोष्ट म्हणजे चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’. ती १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. कंजूष स्क्रूजला तीन भुते रात्रभर फिरवतात आणि सकाळी तो बदललेला उठतो, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण डिकन्स यांनी कथेत आकडेही घातले आहेत. स्क्रूजचा कारकून बॉब क्रॅचिट याला आठवड्याला १५ शिलिंग मिळतात. पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग, म्हणजे बॉबला स्वतःची गोष्ट विकत घ्यायची तर आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता.

याहून महत्त्वाचा प्रसंग पुढे येतो आणि अनेक रूपांतरांत तो गाळला जातो. भविष्यात स्क्रूज मेलेला आहे. त्याच्या मृत्यूने कुणाच्या तरी मनात काही भावना जागी झाली का, हे पाहण्याची इच्छा तो व्यक्त करतो. भूत त्याला एका तरुण जोडप्याकडे नेते. ते त्याचे कर्जदार असतात. सावकार गेला, नवा धनको इतका निष्ठुर नसेल आणि तोवर पैशांची सोय होईल, या विचाराने त्या घराला सुटल्यासारखे वाटते. डिकन्स यांना हे बाहेरून सुचलेले नाही. १८२४ मध्ये त्यांचे वडील कर्ज न फेडल्यामुळे लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचे चार्ल्स बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर कागद चिकटवत होते. त्यामुळे स्क्रूजचे हृदयपरिवर्तन नुसत्या हसण्यावर थांबत नाही. तो बॉबचा पगार वाढवतो. सण परत आल्याची खूण तिथे वहीत उमटते.

चित्रपटात कर्ज कसे आले?

फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ डिसेंबर १९४६ मध्ये आला. त्यातला जॉर्ज बेली एका छोट्या गावात पतसंस्था चालवतो. साध्या माणसांना घरासाठी कर्ज देणारी ही संस्था गावातला धनाढ्य पॉटर गिळू पाहत असतो. नाताळच्या आदल्या दिवशी संस्थेचे आठ हजार डॉलर गहाळ होतात. ते पॉटरच्याच हाती लागलेले असतात आणि तो ते चुपचाप ठेवून घेतो. आता तुरुंग समोर दिसत असलेला जॉर्ज पॉटरकडेच कर्ज मागायला जातो. तारण म्हणून त्याच्याकडे फक्त १५ हजार डॉलरचा आयुर्विमा असतो. जिवंतपणी पत नाही आणि मेल्यावर रक्कम मिळेल, हे त्याच्या तोंडावर सांगितले जाते. जॉर्ज पुलावर जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रसंग परदेशी वाटणार नाही. शेतकरी आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याची सरकारी तरतूद इथे वर्षानुवर्षे आहे आणि ती आत्महत्या पात्र की अपात्र, हे ठरवताना कर्जाची कागदपत्रे पाहिली जातात.

काप्रांच्या चित्रपटात देवदूत येतो, पण तो एक डॉलरही देत नाही. जॉर्ज नसता तर गावाचे काय झाले असते, एवढेच तो दाखवतो. पैसे आणतात ते गावकरी. ज्यांना संस्थेने कधीकाळी उभे केले, ते चुरगळलेल्या नोटा टेबलावर ओततात. आपल्याकडे याला वर्गणी म्हणतात. गंमत म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही. १९४७ मध्ये तर अमेरिकेच्या एफबीआयने बँकवाल्याला खलनायक दाखवल्याबद्दल त्याची संशयाने नोंद घेतली. १९७४ मध्ये कॉपीराइटचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्या तो फुकट दाखवू लागल्या आणि तो घराघरांतला नाताळचा चित्रपट झाला.

पुणतांब्याशी याचा संबंध काय?

नगर जिल्ह्याला नाताळ नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ पासूनचे, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाले, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार नगर-राहुरीत झाला. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-कीर्तनात आणली. श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकरी परंपरेत मान असलेल्या पुणतांब्याच्या आसपास, ऊस-कांद्याच्या याच पट्ट्यात, डिसेंबरात कागदी चांदण्या टांगणारी आणि करंज्या तळणारी ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दिवाळी असो वा नाताळ, इथल्या सणाचे अंदाजपत्रक बाजार समितीतल्या भावावर ठरते.

तो भाव नेमका याच दिवसांत कसा कोसळू शकतो, हे २०२३ मध्ये दिसले. लाल कांदा बाजारात येत असताना केंद्र सरकारने ८ डिसेंबरपासून कांदा निर्यातबंदी लागू केली आणि नगर-नाशिकच्या बाजार समित्यांत दर घसरले. बंदी उठायला मे २०२४ उजाडला. ज्यांचे पीक डिसेंबरात निघाले, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

२०१७ च्या संपामागे हाच हिशेब होता. नोकरदार संप करतो, मग शेतकऱ्याने का करू नये, हा पुणतांब्यातून निघालेला प्रश्न राज्यभर पोहोचला. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला थांबला. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून आलेल्या काही नेत्यांनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा खुद्द पुणतांब्यातच संताप उसळला आणि आंदोलन इतरत्र चालू राहिले. २४ जूनला सरकारने दीड लाख रुपयांपर्यंतची, ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. दोन लाखांपर्यंतची पुढची कर्जमाफी २१ डिसेंबर २०१९ रोजी, नाताळला चार दिवस असताना जाहीर झाली. तरीही जून २०२२ मध्ये पुणतांबेकर पुन्हा धरणे धरून बसले. चित्रपटात कर्ज एकदाच फिटते. शेतीत पुढच्या पेरणीला ते पुन्हा घ्यावेच लागते आणि भावाचा प्रश्न न सुटलेल्या कर्जमाफीची मर्यादा तिथेच उघडी पडते.

मराठीत असा चित्रपट आहे का?

नाताळाचा नाही, पण कार्तिकी एकादशीचा आहे. परेश मोकाशी दिग्दर्शित ‘एलिझाबेथ एकादशी’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंढरपुरातले घर. वडील गेलेले. हप्ते थकल्यामुळे आईचे स्वेटर विणायचे यंत्र बँकेने नेलेले. पैसे उभे करायचे तर वडिलांनी बनवलेली ‘एलिझाबेथ’ ही सायकल विकावी लागणार, म्हणून ज्ञानेश आणि त्याची बहीण मित्रांच्या मदतीने ऐन यात्रेत बांगड्यांचे दुकान लावतात. इथे कुणाचीही श्रद्धा उडालेली नाही. आजीची तर मुळीच नाही. तरी घरात सण नाही, कारण यंत्र घरात नाही. डिकन्स यांना हा चित्रपट लगेच कळला असता. त्यातले विनोदही पैशाच्या चणचणीतून येतात, उपदेशातून नाही. म्हणूनच तो हॉलमार्कच्या शंभर चित्रपटांपेक्षा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या जवळचा आहे.

मग मुलांबरोबर काय पाहावे?

लहानग्यांसाठी ‘एल्फ’ आणि स्पेनचे सर्जिओ पाब्लोस यांचा ‘क्लाऊस’ (२०१९) हे उत्तम. ‘क्लाऊस’मध्ये एका आळशी पोस्टमनला वर्षात सहा हजार पत्रांचे लक्ष्य दिलेले असते आणि त्या स्वार्थातूनच भांडखोर गाव सुधारत जाते. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर ‘एलिझाबेथ एकादशी’ आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ लागोपाठ पाहता येतील. दुसरा कृष्णधवल आहे, दोन तासांहून मोठा आहे आणि पुलावरच्या प्रसंगाच्या वेळी मोठ्यांनी शेजारी बसावे. मुले शेवटी बहुधा एकच प्रश्न विचारतात : पॉटरने आठ हजार डॉलर परत केले का? नाही. चित्रपट संपतो तेव्हा पैसे त्याच्याकडेच असतात आणि त्याला कोणी पकडतही नाही.